मदत हवी आहे: आईला सिव्हिअर अप्लास्टिक ॲनिमिया, पुढच्या आठवड्यात एटीजी. घरच्यांनी काय काय तयारी करायची?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आईच्या बोन मॅरोत (हाडांतल्या मगजात) रक्तपेशी बनणं जवळपास थांबलं आहे. आई 59 वर्षांची, वजन 52 किलो. हिमोग्लोबिन 6.2, पांढऱ्या पेशी 1400, त्यात एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) 320, प्लेटलेट 9000. बोन मॅरो बायोप्सीत पेशी जेमतेम 10 टक्के. पीएनएच फ्लो आणि क्रोमोसोमची तपासणी झाली आहे, एमडीएस (मॅरोचाच दुसरा एक आजार) नाही असं डॉक्टर म्हणाले. घोड्याचं एटीजी (घोड्याच्या रक्तातून बनवलेलं, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, शिरेतून देतात), सायक्लोस्पोरिन (तेही प्रतिकारशक्ती दाबणारं) आणि एल्ट्रोम्बोपॅग (रक्तपेशी वाढवणारी गोळी) असं ठरलंय. एटीजीने लगेच फरक पडला नाही तर मामाची एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा जुळतात का) तपासणी करून मॅरो ट्रान्सप्लांटचा विचार करू, असंही बोलणं झालं.

आम्ही सांगलीचे, उपचार पुण्यात. हॉस्पिटलजवळ खोली घेतली आहे. आम्ही तीन भावंडं, माझा आणि आईचा रक्तगट एकच, त्यामुळे प्लेटलेट मीच देईन म्हणतोय. आईला आधीपासून बीपीची गोळी, कॅल्शियम आणि इकोस्प्रिन 75 चालू आहे. नातेवाईक पपईच्या पानांचा रस, गुळवेल, बीट-खजूर सुचवतायत.

विचारायचं आहे ते असं: प्लेटलेटची सोय कशी लावायची? एटीजीच्या चार दिवसांत काय होतं? ताप आला तर काय करायचं? आणि खाण्यापिण्याचं, गोळ्यांचं वेळापत्रक कसं बसवायचं?

तगर

बाकीचं नंतर, आधी इकोस्प्रिन. ती ॲस्पिरिनच आहे. 9000 प्लेटलेटवर ती पोटात जाता कामा नये. आहेत त्या प्लेटलेटसुद्धा ती निकामी करते, आणि परिणाम आठवडाभर राहतो. आज रात्रीच डॉक्टरांना फोन करून विचारा. स्टेंट बसवला असेल किंवा हृदयाचं आणखी काही कारण असेल तर तेही सांगा, म्हणजे निर्णय नीट होईल. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक असलेल्या अंगदुखीच्या गोळ्या घरातल्या डब्यातून काढूनच टाका.

रक्तपेढीतला

कृष्णाकाठ, तुमची तळमळ कळते, पण तुम्ही प्लेटलेट देऊ नका. भावंडांनीही नाही, मामांनी तर अजिबात नाही. कारणं सांगतो.

ट्रान्सप्लांटची शक्यता आहे तोवर रक्ताच्या नात्यातल्यांचं रक्त चढवायचं नाही. चढवलं तर आईच्या शरीरात त्यांच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात आणि पुढे मामांचा मॅरो नाकारला जाण्याचा धोका वाढतो. दुसरं म्हणजे जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) रुग्णाच्या शरीरात टिकून उलट तिच्यावरच हल्ला करू शकतात. हे क्वचित होतं, पण झालं तर बहुतेक वेळा जिवावर बेततं. म्हणून पिशवी इरॅडिएट करून घ्यायची, म्हणजे तिला ठरावीक मात्रेचं रेडिएशन द्यायचं. एटीजीनंतर तर कुणाचंही रक्त असो, इरॅडिएटेडच मागा. हे यंत्र प्रत्येक रक्तपेढीत नसतं. त्यामुळे ते कुठे आहे आणि रात्री चालू असतं का, हे आजच विचारून ठेवा.

वडिलांनीही देऊ नये. तीन बाळंतपणांत आईच्या शरीरात वडिलांकडून मुलांत आलेल्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या असू शकतात. मग वडिलांच्या किंवा तुमच्या प्लेटलेट चढवल्या तरी तासाभरात नाहीशा व्हायच्या. मित्र, शेजारी, सहकारी, गावच्या मंडळातली मुलं, हे खरे दाते.

आता एसडीपीचं गणित. एका दात्याकडून यंत्रावर काढलेली पिशवी म्हणजे एसडीपी, तिने काउंट साधारण 30 ते 50 हजारांनी वर जातो. आरडीपीच्या (साध्या रक्तदानातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेटच्या) एका पिशवीने 5 ते 10 हजार. आईला बरेच महिने लागणार, म्हणून जमेल तिथे एसडीपीच घ्या: दाते कमी, म्हणजे अँटिबॉडीची भीतीही कमी. दाता 18 ते 60 वयाचा, 50 किलोच्या वर, हिमोग्लोबिन किमान 12.5, स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर, गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन न घेतलेला आणि वर्षभरात टॅटू न काढलेला हवा. हाताच्या शिरा ठसठशीत असाव्यात. हीच अडचण सगळ्यात जास्त येते. सकाळी वडापाव किंवा तेलकट पोहे हाणून आलेला दाता बऱ्याचदा परत पाठवावा लागतो, कारण प्लाझ्मा दुधासारखा पांढरट येतो. इडली, भाकरी, फळं चालतील. पोट रिकामं नको आणि पाणी भरपूर प्यायला सांगा.

दात्याची तपासणी, यंत्रावरचा तास-दीड तास, मग एचआयव्ही आणि काविळीच्या चाचण्या, असं धरून दाता दारात आल्यापासून पिशवी हातात यायला सहज पाच-सहा तास जातात. म्हणून काउंट 10 हजारांपर्यंत उतरल्यावर धावाधाव सुरू करू नका. सीबीसीचा (रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीचा) दिवस ठरलेला असेल तर आदल्या दिवशीच दात्याला सांगून ठेवा. वहीत 12-15 जणांची यादी करा: नाव, रक्तगट, वजन, शेवटचं दान कधी. तोच दाता 48 तासांनी पुन्हा देऊ शकतो, पण आठवड्यात दोनदा आणि वर्षात 24 वेळा, याच्या पुढे नाही. गणपती, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी, या दिवसांत दाते मिळत नाहीत. तेव्हाची नावं वेगळी राखून ठेवा.

आणि एक कळकळीची विनंती. प्लेटलेटची पिशवी बर्फाच्या डब्यात घालू नका. लाल रक्ताची पिशवी थंड डब्यातून न्यायची असते, त्यामुळे लोक दोन्ही एकत्र घालतात. प्लेटलेट 20 ते 24 अंशांवर, हलत्या ठेवायच्या असतात. थंड झाल्या की चढवूनही शरीरात टिकत नाहीत. साध्या कापडी पिशवीतून घ्या, थेट वॉर्डात द्या, अर्ध्या तासात चढू द्या.

पिशवी चढून झाल्यावर तासाभरात एक काउंट करायला सांगा. लागोपाठ दोनदा काउंट हललाच नाही तर एचएलए अँटिबॉडीची तपासणी लागते. ताप किंवा इन्फेक्शन असेल तर अँटिबॉडी नसतानाही काउंट वाढत नाही, हेही डॉक्टर बघतील. उगाच आकडा सुंदर दिसावा म्हणून पिशव्या चढवण्याचा आग्रह मात्र धरू नका. रक्तस्राव नसेल आणि ताप नसेल तर 10 हजारांच्या वर बऱ्याचदा थांबतात.

वॉर्ड-सिस्टर

एटीजीचं सांगते. डोस 40 मि.ग्रॅ. प्रति किलो, रोज एकदा, चार दिवस. आईच्या 52 किलोला दिवसाचे 2080 मि.ग्रॅ. झाले. कुपी 250 मि.ग्रॅ.ची असते, म्हणजे रोज आठ-नऊ कुप्या आणि एकूण 33-34. औषध बाहेरून आणायला सांगितलं तर मोजून घ्या, फ्रिजच्या साध्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. रिकाम्या कुप्यांवरचे बॅच नंबर विम्यासाठी किंवा योजनेसाठी लागू शकतात, फोटो काढून ठेवा.

आधी त्वचेवर चाचणी. मग मोठ्या शिरेतल्या लाइनमधून सलाइनमध्ये मिसळून फिल्टरमधून सावकाश, बऱ्याच ठिकाणी 12 तास किंवा जास्त. स्टेरॉइड, पॅरासिटामॉल आणि अँटिहिस्टामिन आधी दिलं जातं. तरीही पहिल्या दिवशी थंडी वाजून हुडहुडी भरणं, ताप, अंगावर पित्तासारखे चट्टे हे बऱ्याच जणांना होतं. घाबरू नका, पण लगेच बेल वाजवा. श्वास अडकणं, ओठ सुजणं, बीपी पडणं असेल तर औषध जागच्या जागी थांबवतात. त्या चार दिवसांत प्लेटलेट 20-30 हजारांच्या वर ठेवतात आणि एटीजी चालू असताना सोबत प्लेटलेट लावत नाहीत, कारण एटीजी त्यांनाही मारतं. पिशवी आधी किंवा नंतर. तुमचा दाता त्या हिशेबाने बोलवा.

खरी गाफील वेळ येते ती घरी सोडल्यावर. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास सांधे धरणं, ताप, तळव्यांच्या कडेला आणि अंगावर लालसर पुरळ. याला सीरम सिकनेस म्हणतात. त्यासाठीच स्टेरॉइडच्या गोळ्या दिलेल्या असतात आणि त्या कमी करत आणायच्या असतात. "बरं वाटतंय" म्हणून मधेच बंद करू नका. साखर रोज बघा, स्टेरॉइडवर ती चढते.

ताप. डिजिटल थर्मामीटर उशाशी असू द्या. 100.4 दिसला की पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टी गाठायची. एएनसी 320 असताना पू होत नाही, सूज येत नाही, खोकल्याला कफ येत नाही. ताप हीच एकुलती खूण, आणि गोळीने तीच झाकली जाते. तापाशिवाय नुसती हुडहुडी भरली तरी जायचं. बगलेत आकडा थोडा कमी येतो हेही लक्षात ठेवा. एका कागदावर ठळक लिहून आईच्या फाइलला लावा:

"सिव्हिअर अप्लास्टिक ॲनिमिया. एएनसी 500 पेक्षा कमी. एटीजी तारीख अमुक. ताप आल्यास ब्लड कल्चर घेऊन एका तासात शिरेतून अँटिबायोटिक. दंडात किंवा कमरेवर इंजेक्शन देऊ नये. गुदद्वारातून औषध किंवा थर्मामीटर नको. रक्तघटक इरॅडिएटेड व ल्युकोरिड्यूस्ड (पांढऱ्या पेशी गाळलेले)."

रात्रीच्या ड्यूटीवरच्या नवीन डॉक्टरांना तो कागद फार उपयोगी पडतो. तापासाठी कमरेत इंजेक्शन मारलं आणि तिथे रक्ताची गाठ झाली, असं या काउंटवर होऊ शकतं.

डोकेदुखीसोबत उलटी, नजर धूसर होणं, डांबरासारखी काळी शी, या तिन्हींना सकाळपर्यंत थांबायचं नाही. नाकातून रक्त आलं तर डोकं मागे टाकू नका. पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग पंधरा मिनिटं न सोडता दाबा.

औषधमात्रा

गोळ्यांमध्ये सगळ्यात जास्त चूक एल्ट्रोम्बोपॅगची होते. कॅल्शियम, लोह, झिंक, मॅग्नेशियम यांना ती चिकटते आणि रक्तात जातच नाही. गोळी या पदार्थांच्या आधी निदान दोन तास किंवा नंतर चार तास अंतराने. आईची कॅल्शियमची गोळी चालू आहे म्हणालात, ती सकाळीच. दूध, दही, ताक, पनीर आणि नाचणीसुद्धा याच यादीत. नाचणी लोक विसरतात. ॲसिडिटीचं पांढरं औषधही यातच. बसतं असं: चहा, दही, नाचणीची भाकरी संध्याकाळी सहाच्या आत, साडेसातला दुधादह्याशिवायचं जेवण, साडेदहाला गोळी पाण्याबरोबर, मग सकाळपर्यंत काही नाही. यकृताची तपासणी ठरल्या वेळी करा.

सायक्लोस्पोरिन साधारण 5 मि.ग्रॅ. प्रति किलो रोज, दोन भागांत, म्हणजे आईला 125 सकाळी आणि 125 संध्याकाळी असं काहीसं. बारा तासांचं अंतर पाळा. रक्तातली पातळी तपासायच्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची नाही; आधी नमुना, मग गोळी. गोळी घेऊन नमुना दिला की आकडा खोटा चढलेला येतो आणि डोस विनाकारण कमी होतो. बऱ्याच ठिकाणी लक्ष्य 200 ते 400 धरतात, तुमच्या डॉक्टरांचं किती ते विचारून वहीत लिहा. ब्रँड परस्पर बदलू नका, कॅप्सूल पाकिटातून आयत्या वेळी काढा. बीपी रोज, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम डॉक्टर सांगतील तेव्हा. फंगसवरचं व्होरिकोनॅझोल सुरू झालं तर पातळी झपकन वाढते, टीबीच्या रिफॅम्पिसिनने कोसळते. कोणतंही नवीन औषध आलं की "सायक्लोस्पोरिन चालू आहे" हे आधी बोला. पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद, त्यांनीही पातळी चढते. बीपीची गोळी अम्लोडिपिन असेल तर दोन्ही मिळून हिरड्या सुजतात. मऊ ब्रश, मीठपाण्याच्या गुळण्या.

गुळवेलीबद्दल स्पष्टच लिहितो. या आजारात आईची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या मॅरोवर उलटली आहे, एटीजी तिला दाबायलाच देतायत. "इम्युनिटी वाढवणारं" काहीही उलट्या दिशेने जातं. शिवाय गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या केसेस 2021 मध्ये मुंबईतून नोंदवल्या गेल्या आहेत, आणि आईचं यकृत आधीच तीन औषधं सांभाळणार आहे. पपईच्या पानांचा कच्चा रस तर 320 एएनसीवर जंतूंना आमंत्रण. बीट-खजूर जेवणात आले तर हरकत नाही, पण लोहाची गोळी नको. लाल रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून 200 ते 250 मि.ग्रॅ. लोह शरीरात जातं आणि बाहेर पडायला वाट नाही. वीसेक पिशव्या झाल्या की फेरिटिन (शरीरात साठलेल्या लोहाची तपासणी) बघायला सांगा.

तगर

खोलीबद्दल राहिलं. भिंतीला ओल किंवा बुरशी असेल, शेजारी बांधकाम किंवा फरशी फोडणं चालू असेल तर खोली बदला, भाडं वाया गेलं तरी चालेल. धुळीतली ॲस्परजिलस बुरशी फुप्फुसात बसते आणि या रुग्णांत तीच सगळ्यात वाईट. आई खोलीत असताना केरसुणी नको, ओल्या फडक्याने पुसा. कुंड्या, ताजी फुलं, जुन्या गाद्या बाहेर. पुढे गावी गेल्यावर शेणाने सारवणं आणि खताच्या खड्ड्याजवळ जाणं टाळा.

खाणं ताजं, गरम, घरचं. फळं सालीची, घरी धुऊन सोलून. कोशिंबीर, कच्ची चटणी, पाणीपुरी, उसाचा रस, बाहेरचं बर्फ नको. यापलीकडे पथ्यं वाढवू नका. वजन उतरू देणं जास्त धोक्याचं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. इकोस्प्रिन कालच डॉक्टरांनी बंद केली. दात्यांची वही सुरू केली, आतापर्यंत 9 नावं. दोन गोष्टी अजून: फरक दिसायला किती दिवस धरायचे? आणि खर्चाला, प्रवासाला कुठे मदत मिळते?

वॉर्ड-सिस्टर

दिवस नाही, महिने. तीन महिन्यांनी पहिला अंदाज, सहा महिन्यांनी खरा. आधी पिशव्यांमधलं अंतर वाढतं: दर चार दिवसांनी लागणारी प्लेटलेट आठ दिवसांनी लागते. सीबीसीच्या आकड्याआधी हे तुमच्या वहीतच दिसेल, म्हणून प्रत्येक पिशवीची तारीख लिहा. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेस चाचणीत सहा महिन्यांनी प्रतिसाद एटीजी-सायक्लोस्पोरिनला 41 टक्के होता, एल्ट्रोम्बोपॅग जोडल्यावर 68 टक्के. काउंट आले तरी सायक्लोस्पोरिन निदान वर्षभर आणि मग अगदी हळूहळू कमी. घाईने बंद केलं की आजार परततो.

रक्तपेढीतला

हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला आजाराचं नाव आणि "एटीजी" असे दोन्ही शब्द लिहून दाखवा, मंजुरी औषध सुरू होण्याआधी. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर समाजसेवा विभागात राखीव खाटांबद्दल विचारा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सांगलीहून आताच मागवून घ्या. मुख्यमंत्री सहायता निधीच्या अर्जासाठी हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, तेही आजच मागा.

रेल्वेत अप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांना उपचाराच्या आणि तपासणीच्या प्रवासासाठी स्लीपर, एसी चेअर कार, थ्री टियर आणि टू टियरमध्ये 50 टक्के सवलत आहे. रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून भरून घ्या. मात्र एएनसी 500 च्या वर येईपर्यंत सांगली-पुणे ये-जा नकोच. आणि रक्तगट लिहा इथे, पुण्यातले कुणी वाचत असतील तर वहीतली उरलेली नावं भरतील.

कृष्णाकाठ

बी पॉझिटिव्ह. पहिली पिशवी सोमवारी सकाळी लागणार आहे.