मदत हवी आहे: लाइट लपझप झाली की टास्मोटाचं सगळं सेटिंग उडतंय

मी मानेवाड्याला राहतो. घरच्या डेझर्ट कूलरच्या पंपाला ईएसपी८२६६ या वायफाय चिपचा स्विच लावलाय. इंटरनेट गेलं की कंपनीचं अ‍ॅप नुसतं फिरत बसायचं, म्हणून मूळ फर्मवेअर (चिपमधलं सॉफ्टवेअर) काढून त्याजागी टास्मोटा हे दुसरं फर्मवेअर टाकलं. एप्रिलभर मस्त चाललं.

मे लागला आणि संध्याकाळची वादळं सुरू झाली. आमच्या गल्लीत लाइट सरळ जात नाही, आधी सात-आठ वेळा लपझप करते. त्यानंतर स्विच वायफायवर नसतोच. फोनमध्ये त्याचं स्वतःचं हॉटस्पॉट दिसतं. पासवर्ड, टायमर सगळं कोरं. एकदाच लाइट जाऊन आली तर मात्र काही होत नाही.

माझी बुटीबोरीला सेकंड शिफ्ट असते. घरी आईबाबा दोघंच. काल पंप बंद राहिला, वाळ्याच्या ताट्या कोरड्या पडल्या आणि मी येईपर्यंत बाबा गरम हवेत बसून होते. स्विचच बदलून टाकू का?

प्रतिसाद:
भाऊ, स्विच चांगला आहे, बदलू नका. टास्मोटात अडीअडचणीसाठी एक सोय आहे: दर वेळी १० सेकंदांपेक्षा कमी चालू ठेवून सहा वेळा बंद-चालू केलं आणि सातव्यांदा चालू राहू दिलं, की सेटिंग पुसलं जातं. ज्या उपकरणाचं बटण सहज हाती लागत नाही त्याच्यासाठी ती आहे. तुमच्याकडे ते काम वादळ करतंय. टास्मोटाच्या कन्सोलमध्ये, म्हणजे कमांड टाकायच्या पानावर, 'सेटऑप्शन६५ १' द्या, सोय बंद होईल. 'पॉवरऑनस्टेट ३' आहे ना तेही बघा, म्हणजे लाइट आल्यावर पंप आधी होता त्याच स्थितीत येईल.

आणखी एक. चिपमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. लाइट आल्यावर ती वेळ इंटरनेटवरून घेते, तोवर टायमर चालत नाहीत. त्यामुळे राउटरला छोटा यूपीएस लावाच.

धागाकर्ता:
खूप आभार! आत्ताच कमांड दिली. पण पुढे राउटरचा पासवर्ड बदलला तर स्विचमध्ये शिरायचं कसं?

प्रतिसाद:
स्विचवरचं बटण ४० सेकंद दाबून धरा, सेटिंग कोरं होईल. खोलायची गरज नाही. मात्र 'सेटऑप्शन१' शून्यच राहू द्या, नाहीतर बटणाची ही वाटही बंद होते. आणि आजच कॉन्फिगरेशनमधून बॅकअप फाइल उतरवून ठेवा. ती परत चढवली की टायमर पुन्हा भरावे लागत नाहीत.