मदत हवी आहे : कुक या रेल्वे वस्तीची १९५४ नंतरची लोकसंख्या

ठाण्यातील आमच्या वाचनालयात रेल्वेवर भित्तिपत्रक लावायचे असून, त्यातील एक स्तंभ ऑस्ट्रेलियातील नलारबॉर पठारावरच्या कुक या गावासाठी राखला आहे. १९१७ मध्ये पूर्ण झालेल्या ट्रान्स-ऑस्ट्रेलियन मार्गावर, ४७८ किलोमीटरच्या सरळसोट पट्ट्यात, हे गाव केवळ रेल्वेसाठी वसले. किराणा, पाणी आणि पगार ‘टी अँड शुगर’ नावाच्या गाडीने येत असे. तिला खाटकाचा स्वतंत्र डबाही होता. पुढे वाफेच्या इंजिनांच्या जागी डिझेल इंजिने आल्याने थांबून पाणी भरण्याची गरज उरली नाही, रुळांखालच्या काँक्रीटच्या स्लीपरांमुळे रूळदुरुस्तीची माणसे घटली आणि १९९७ मध्ये खासगीकरणानंतर गाव जवळपास ओस पडले.

ही घट मला दशकवार आलेखात दाखवायची आहे आणि तिथेच गाडी अडली आहे. प्रवासविषयक संकेतस्थळांवर ‘चार रहिवासी’ असा आकडा वारंवार दिसतो, पण बहुतेक ठिकाणी वर्षच नाही. एकमेकांचे पाहून उतरवले असावे, अशी मला शंका आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या ऑनलाइन संग्रहातील जुनी वृत्तपत्रे चाळली, परंतु ती बहुतांशी १९५४ पर्यंतचीच आहेत. अलीकडच्या जनगणनेत गोपनीयतेसाठी लहान आकडे मुद्दाम किंचित बदललेले असतात, त्यामुळे एवढ्याशा गावासाठी तेही भरवशाचे नाहीत.

इंग्रजी कागदपत्रे चालतील, सशुल्क मात्र नकोत. १९५४ ते १९९७ या काळातील कुकची लोकसंख्या, ती नसल्यास निदान तिथल्या शाळेचा पट किंवा रेल्वे कर्मचाऱ्यांची संख्या, वर्षासह देणारा मूळ दस्तऐवज घरबसल्या कुठे पाहता येईल?