लग्नांत राबलेला कॅमेरा बरा, की कपाटात जपलेला?

समुद्रकाठ (धागाकर्ता)

जुना निकॉन डी७५० घ्यायचा म्हणून दोन आठवडे फिरतोय. दोन बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) बघून झाल्या. पहिली पुण्यात लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाची. शटर काउंट (शटर आजवर किती वेळा चाललंय तो आकडा) १,१२,०००, कोपऱ्यांचा रंग उडालेला, ग्रिपचं रबर अंगठ्यापाशी सुटलेलं. दुसरी अलिबागच्या एका काकांची. काउंट ९,४००, खोका आहे, बिल आहे, पट्टा पिशवीतून काढलेलासुद्धा नाही. सोबत ५० एमएम एफ/१.८ जी लेन्स. किंमत पहिलीपेक्षा बारा हजारांनी जास्त.

मी पुण्याची घ्यावी या मताला आलोय आणि मित्र मला वेड्यात काढताहेत. कारण सांगतो. निकॉनची 'जी' प्रकारची लेन्स कॅमेऱ्यावरून काढली की तिची पाती (आत येणारा उजेड कमीजास्त करणारी) मिटलेली असतात, त्यामुळे सहज बघून काही कळत नाही. अलिबागच्या लेन्सची मागची छोटी दांडी नखाने सरकवून पाती उघडली आणि मोबाइलचा टॉर्च मागून तिरका धरला. आतल्या काचेच्या कडेला, एका ठिपक्यातून फुटलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी! काकांना खरोखरच ठाऊक नव्हतं. चामड्याच्या केसमध्ये घालून, कपाटात साड्यांशेजारी, सहा पावसाळे त्यांनी ती जिवापाड जपली होती. चामडं ओल धरून ठेवतं आणि बंद कपाटात हवा खेळत नाही. बुरशीला आणखी काय हवं?

किनाऱ्यावर तरी 'कमी वापरलेला' म्हणजे 'चांगला' असं मी आता धरणार नाही. तुमचं काय मत?

खडीसाखर

साफ असहमत. दोष लेन्समध्ये सापडला आणि शिक्षा तुम्ही बॉडीला देताय. लेन्स घेऊ नका, तेवढे पैसे कमी करून मागा आणि बॉडी उचला. डी७५० चं शटर १,५०,००० वेळा चालवून तपासलंय असं निकॉनच सांगते. पुण्याच्या बॉडीचे त्यातले तीन चतुर्थांश संपलेत. बाजारात बैल घेताना आधी दात बघतात, काउंट म्हणजे कॅमेऱ्याचे दात. विकणारा बाकी हवं ते सांगेल, पण कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फोटोच्या फाइलमध्ये हा आकडा असतोच.

समुद्रकाठ

दात बघतात हे खरं, पण नंतर औताला जुंपूनही बघतात ना? दीड लाख हा तपासणीचा आकडा आहे, मृत्यूची तारीख नव्हे. त्याच्या कितीतरी पुढे गेलेली शटरं आहेत आणि त्याच्या आधीच बंद पडलेलीही आहेत. शिवाय शटर बदलता येतं. आणि अलिबागच्या बॉडीचं म्हणाल तर तीही तपासली. एफ/१६ ला, म्हणजे पाती बरीच मिटवून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला. ब्लोअरने हवा मारल्यावर धुळीचे ठिपके गेले, पण वरच्या कोपऱ्यातला एक केसाळ डाग हलला नाही. सेन्सरवरच्या काचेलाही बुरशी धरते.

मांडवझालर

मी स्वतः लग्नांचे फोटो काढतो, म्हणून मनापासून सांगतो, आमचा कॅमेरा घेताना दहादा विचार करा. एका लग्नात दोन-अडीच हजार फोटो सहज होतात, म्हणजे पन्नास लग्नांत लाख-सव्वा लाख. पण काउंट त्यातली सगळ्यात लहान गोष्ट. हळदीला बॉडीवर जी पूड बसते ती डायलच्या फटीत जाते आणि घामाने तिथेच घट्ट होते. वरातीत गुलाल. जून महिन्यात उघड्या लॉनवर सरी. माझ्या जुन्या बॉडीचा मागचा डायल दोन क्लिक फिरवला की एकच मोजायचा आणि पुसून ठेवलेल्या बॉडीत हे दिसत नाही. व्हिडिओसाठी तासन्‌तास चालू ठेवलेली बॉडी असेल, तर काउंटमध्ये त्याचा नीट हिशेबच लागत नाही. गुडघ्यावर बसून काढताना स्क्रीन शेकडो वेळा ओढून तिरका करतो, त्याच्या आतल्या वायरच्या पट्टीवर ताण येतो तो वेगळाच.

तरी घ्यायचाच असेल तर आपला फ्लॅश घेऊन जा. हॉटशूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरची फ्लॅश बसवायची जागा) लावून थोडा हलवत वीस-पंचवीस वेळा मारा. एकदाही चुकला तर सोडून द्या. दोन्ही कार्ड स्लॉटमध्ये कार्ड घालून बघा, दोन्ही डायल सावकाश एकेक क्लिक फिरवून बघा.

खडीसाखर

बघा, खुद्द लग्नवालेच सांगताहेत!

दुर्बीण

मला दोघांचं अर्धंच पटतं. खडीसाखर, सेन्सरवर डाग असेल तर नऊ हजारांच्या काउंटला काही अर्थ उरत नाही. साफ होतो का हे दुरुस्तीवाल्याकडून बघून घ्यायला लागेल. बुरशी लवकर काढली तर निघते, पण ती आम्ल सोडते आणि काचेवरचा लेप एकदा खाल्ला गेला की तो खरवडलेला भाग राहतोच. लेन्समधल्या साध्या धुळीला मात्र कुणी घाबरू नये. लोक दोन कण बघून चांगल्या लेन्स परत करतात, याचं मला वाईट वाटतं.

आणि समुद्रकाठ, लग्नातल्या बॉडीला तुम्ही फारच लवकर माफ करताय. रंग उडाला तर उडू दे, पण ती पडलीय का? तळाचे आणि माउंटचे (जिथे लेन्स बसते त्या कडीचे) स्क्रू भिंगातून बघा. डोक्याची खाच चेपलेली असेल तर कुणीतरी उघडलंय, मग बिल मागा. भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवा, कॅमेरा तिपाईवर अगदी समोर ठेवा आणि पाती पूर्ण उघडी ठेवून फोटो काढा. डावीकडची अक्षरं रेखीव आणि उजवीकडची पुसट आली, तर आपली खात्रीची दुसरी लेन्स लावून पुन्हा काढा. तीच बाजू पुन्हा पुसट आली तर बॉडीच्या माउंटवर संशय घ्या.

डी७५० बद्दल आणखी एक. २०१५ मध्ये यातल्या काही बॉडींच्या शटरमध्ये दोष असल्याची सूचना निकॉननेच काढली होती. तुमच्या बॉडीचा सिरियल नंबर त्यात होता का आणि शटर बदललं होतं का, हे विचारा. बदललं असेल तर तुम्ही दोघे ज्या आकड्यावर भांडताय तो त्या शटरचा नसेलही.

समुद्रकाठ

हा सिरियल नंबरचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. पुण्याच्या माणसाला आत्ताच फोन केला. शटर एकदा बदललंय म्हणाला, पावती शोधून ठेवतो म्हणाला. रविवारी सकाळी जातोय. पिशवीत फ्लॅश, दोन कार्डं, माझी ३५ एमएम, टॉर्च, भिंग आणि शनिवारचा पेपर.

अलिबागच्या काकांनाही फोन केला. ती लेन्स केसबाहेर काढा, बाकीच्या लेन्सपासून लांब ठेवा आणि पाऊस सुरू व्हायच्या आत साफ करून घ्या, असं सांगितलं. घेणार नाही म्हटल्यावर जरा हिरमुसले, पण कपाटात अजून दोन लेन्स आहेत म्हणाले. त्या मी पुढच्या आठवड्यात टॉर्च लावून बघून देणार आहे.