'डार्क शॅडोज': सर्वात भक्कम ट्रॅक 1795 चाच, 1897 चा नाही

कंदील

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. 'डार्क शॅडोज' ही डॅन कर्टिस यांची अमेरिकन डेली सोप. एबीसी वाहिनीवर 27 जून 1966 ते 2 एप्रिल 1971 या काळात दुपारी लागायची, एकूण 1225 भाग. मेन राज्यातलं कॉलिन्सपोर्ट हे मासेमारीचं गाव, कड्यावरचा कॉलिन्सवुड वाडा, त्यात राहणारं श्रीमंत पण पोखरलेलं कुटुंब. पहिले दहाएक महिने बहुतेक रहस्य आणि थोडी भुतं. एप्रिल 1967 मध्ये बार्नबस कॉलिन्स हा पावणेदोनशे वर्षं साखळदंडाच्या शवपेटीत असलेला रक्तपिपासू बाहेर येतो आणि मालिकेचा रंगच पालटतो.

मालिका अधूनमधून मागच्या काळात जाते, आणि त्यातल्या 1897 सालात घडणाऱ्या ट्रॅकला पहिला नंबर देण्याची पद्धत चाहत्यांमध्ये पडली आहे. मला ते अजिबात पटत नाही.

1795 चा ट्रॅक 366 व्या भागापासून 460 च्या आसपासपर्यंत. 365 व्या भागात वाड्यात प्लँचेट होतं, दिवा विझतो, आणि गव्हर्नेस व्हिक्टोरिया विंटर्सच्या खुर्चीत 1795 मधली गव्हर्नेस फिलिस विक बसलेली दिसते. व्हिक्टोरिया मागच्या काळात जाऊन पडते. इथून पुढे प्रेक्षकाला शेवट ठाऊक असतो. बार्नबसची वाग्दत्त वधू जोसेट विधवांच्या कड्यावरून उडी घेणार, त्याची छोटी बहीण सारा मरणार, बार्नबस पेटीत कोंडला जाणार. आधीच्या सहा महिन्यांत हे सगळं तुकड्यातुकड्यांनी कानावर पडलेलं असतं. सारा तर भूत म्हणून आपल्या ओळखीची झालेली असते, त्यामुळे ती जिवंत, बाहुली घेऊन धावताना दिसली की जीव गलबलतो.

शिवाय प्रत्येक संकट माणसाच्या स्वभावातून येतं. अँजेलिक दासी आहे, चेटूक जाणते, बार्नबसने तिला आधी जवळ केलं आणि मग झटकलं. ती जोसेट आणि जेरेमाया यांना मंत्राने एकमेकांकडे ओढते. द्वंद्वात बार्नबसच्या हातून जेरेमाया, म्हणजे सख्खा काका, जातो. साराच्या बाहुलीत टाचण्या खुपसून अँजेलिक त्याला लग्नाला भाग पाडते. तो तिच्यावर गोळी झाडतो, तेव्हा आपण मरतोय असं वाटून ती त्याला रक्तपिपासू होण्याचा शाप देते. ती वाचते, पस्तावते, तो जागा होण्याआधी छातीत खुंटी ठोकायला जाते, पण उशीर झालेला असतो. उःशाप द्यायला कोणी उरतच नाही. इतकी घट्ट साखळी पुन्हा कुठल्याही ट्रॅकमध्ये जमली नाही.

पिंपळपान

साखळी घट्ट आहे हे मान्य, पण व्हिक्टोरियाचं काय? ती गेल्या गेल्या लोकांना 1967 च्या नावांनी हाका मारते, पुढे काय घडणार ते बोलून बसते, आणि कॉलिन्स घराण्याचा छापील इतिहास सोबत बाळगते. तेच पुस्तक खटल्यात तिच्याविरुद्ध पुरावा ठरतं. लेखकांना तिला चेटकीण म्हणून फाशीपर्यंत न्यायचं होतं, म्हणून एका हुशार शिक्षिकेची अक्कल काढून घेतली. शिवाय तिच्या तिथे असण्याने काहीच बदलत नाही. नायिका मागच्या काळात नेऊन तिला नुसती बघ्याची जागा दिली आहे.

1897 (भाग 700 ते 884, फेब्रुवारीअखेर ते नोव्हेंबर 1969) नेमकं हेच दुरुस्त करतो. बार्नबस जातो तो हेतू घेऊन. क्वेंटिन कॉलिन्सच्या भुताने 1969 मध्ये वाडा रिकामा करायला लावला आहे, वाड्यातला लहानगा डेव्हिड मरणाच्या दारात आहे. बार्नबस आय-चिंग या चिनी भविष्यग्रंथाच्या काड्या टाकतो, 49 वी आकृती येते, त्याचा आत्मा 1897 मध्ये पोचतो, जिथे त्याचं शरीर साखळदंडाच्या पेटीतच पडलेलं असतं. मूळ काळात मरणारा क्वेंटिन तिथे वाचतो, म्हणून पुढच्या काळातलं भूत नाहीसं होतं आणि डेव्हिड जगतो. कृती आणि परिणाम, सरळ हिशेब.

आणि मॅग्डाचा शाप अँजेलिकच्या शापापेक्षा वरचढ आहे. क्वेंटिनने आपली बायको जेनीला मारलं. जेनी ही मॅग्डाची बहीण. मॅग्डा त्याला आणि त्याच्या वंशजांना नरवृकाचा, म्हणजे माणसाचा लांडगा होण्याचा, शाप देते. नंतर तिला कळतं की जेनीला जुळी मुलं आहेत. म्हणजे शाप तिच्या स्वतःच्या भाच्यांवर पडला! तो उलटवायला ती काउंट पेटोफी या मांत्रिकाचा तुटलेला हात पळवून आणते, आणि त्या हातामागोमाग पेटोफी येतो. एका सूडातून पुढचे चार महिने निघतात.

ओवी

पिंपळपान, शापाबद्दल तुमचं म्हणणं पटलं. पण पुढचे चार महिने निघतात त्यातले शेवटचे दोन ओढून ताणून काढलेले आहेत. क्वेंटिन वाचला की बार्नबसचं काम संपतं. त्यानंतर पेटोफी आणि क्वेंटिन यांची शरीरं बदलणं, टेट चित्रकाराने रेखाटलेली माणसं जिवंत होणं, किटी सोम्स या बाईमध्ये जोसेटचा आत्मा शिरणं, असं एकावर एक रचत गेले. ट्रॅक लोकप्रिय झाला म्हणून लांबवला, आणि ते दिसतं. मग 885 पासून लेव्हिएथन या पुरातन राक्षसी शक्तींचा ट्रॅक, जिथे बार्नबसलाच एका पंथाचा हुकमी सेवक करून टाकलं. ज्या माणसाच्या अपराधी मनावर सगळा डोलारा उभा होता, त्याचं मनच काढून घेतलं.

सागरगोटा

कोणीच लॉरा कॉलिन्सचं नाव घेत नाही याचं वाईट वाटतं. डेव्हिडची आई परत येते, ती दर शंभर वर्षांनी आगीत जळून पुन्हा जन्मणारी, आणि तिला मुलाला सोबत न्यायचं आहे. डिसेंबर 1966 ते मार्च 1967, कृष्णधवल. आईच मुलाला ज्वाळांकडे बोलावते, यापेक्षा भयंकर काय दाखवणार? बार्नबसच्या आधीचे दोनशे भाग गाळून पाहणाऱ्यांचं हे हमखास सुटतं.

कंदील

सागरगोटा, लॉरा उत्तमच. पण त्याआधीचा, सूड घ्यायला गावात परतलेल्या बर्क डेव्हलिनच्या हरवलेल्या पेनाचा ट्रॅक आठवडेच्या आठवडे तिथेच घुटमळतो, म्हणून लोक कंटाळून सोडतात.

पिंपळपान, व्हिक्टोरिया काही बदलू शकत नाही हीच तर त्या ट्रॅकची ताकद. तिला सगळं माहीत आहे आणि कोणी ऐकत नाही. आपल्याकडे 'रात्रीस खेळ चाले'च्या दुसऱ्या पर्वाने 2019 मध्ये हाच परिणाम साधला. अण्णा नाईक आणि शेवंताचं पुढे काय होणार हे ठाऊक असूनही सगळे रोज पाहत होते. फरक इतकाच की तिथे आजच्या काळातून मागे गेलेलं कोणी नव्हतं.

जोशुआ कॉलिन्सकडेही पाहा. आयुष्यभर घराण्याच्या अब्रूसाठी कठोर वागलेला बाप, मुलगा काय झाला आहे हे कळल्यावरही त्याला संपवू शकत नाही. पेटीला साखळदंड बांधून मुलगा परदेशी गेला असं जगाला सांगतो. मालिकेत पुढे जे जे घडतं ते त्या एका न झालेल्या कृतीमुळे. लुई एडमंड्स यांनी हे फार संयमाने केलं आहे.

पिंपळपान

जोशुआबद्दल वाद नाही. पण 1897 मध्ये अभिनयाची श्रेणी मोठी. ग्रेसन हॉल एरवी डॉक्टर जुलिया हॉफमन, इथे मॅग्डा. आवाज, चाल, हात, सगळं निराळं. थेअर डेव्हिड यांचा पेटोफी त्यांनीच केलेल्या 1795 च्या बेन स्टोक्सला ओळखही दाखवत नाही. भाग जवळजवळ सलग टेप व्हायचे, पुन्हा घेणं महाग, म्हणून विसरलेले संवाद आणि माइकच्या सावल्या तशाच राहिल्या. त्या घाईत इतकं वेगळं उभं करणं सोपं नव्हतं.

धुकं

नव्याने सुरू करायची आहे. 1225 भाग शक्य नाहीत. काय पाहू?

ओवी

एक भाग जाहिराती वगळून सुमारे 22 मिनिटांचा. 210 पासून सुरू करा, थेट 1795 वर उडी मारू नका. बार्नबसने गावातल्या मॅगीला पळवून जोसेट बनवण्याचा प्रकार आणि साराचं भूत पाहिलं नसेल तर 1795 मध्ये मॅगी करणाऱ्या कॅथरिन ली स्कॉटच जोसेट म्हणून समोर आल्यावर काहीच वाटणार नाही. 295 पासून रंगीत. 1795 संपला की 1968 चा स्वप्नशाप येतो. तेच स्वप्न एकाकडून दुसऱ्याकडे जातं, दोनदा पाहिलंत तरी पुरे.

कंदील

आणि 1897 ला जायच्या आधी 1968 च्या अखेरीच्या, डेव्हिड आणि वाड्यात राहणारी लहान मुलगी एमी यांच्या भागांपासून पाहा. क्वेंटिनचं मुकं भूत आधी दिसलं पाहिजे. एवढं मात्र पिंपळपानही मान्य करतील.

पिंपळपान

मान्य. फक्त 884 ला थांबू नका, पुढचे दोन-तीन भाग पाहा. 1897 मधून 1796 मध्ये जाऊन पडलेल्या बार्नबसचं काय झालं ते तिथेच कळतं.