मदत हवी आहे: घरी केलेल्या कॅबिनेटमध्ये संगणक सुरू होऊन लगेच बंद पडतोय

रंधा
तीन आठवडे खपून कॅबिनेट केलं. चौकट १२ मिमी प्लायची, मदरबोर्ड बसवायची प्लेट २ मिमी अल्युमिनियमच्या पत्र्याची, पुढे १४० मिमीचे दोन पंखे. काल रात्री सगळं आत बसवलं. बटण दाबलं की पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पटकन सगळं बंद. परत दाबलं तर काहीच नाही. आणखी एकदा दाबलं की सुरू, पुन्हा बंद. कुठेतरी लूज असावं. हेच सामान जुन्या कॅबिनेटमध्ये दोन वर्षं विनातक्रार चाललंय. उद्या रात्रीपर्यंत मशीन हवंच आहे, कामं अडली आहेत. रॅम काढून घालायला सांगू नका, ते करून झालं. असा अनुभव कोणाला आलाय का?

सोल्डरगन
एवढ्यावरून काही सांगता येणार नाही. बोर्ड कोणत्या मापाचा? एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, किती वॉटचा? वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का? आणि 'पटकन' म्हणजे अर्धा सेकंद की पाच सेकंद? अर्ध्या सेकंदात पडत असेल तर एसएमपीएसला शॉर्ट लागतोय आणि तो स्वतःला बंद करून घेतोय. चार-पाच सेकंद फिरून पडत असेल तर शोध वेगळीकडे घ्यावा लागेल.

कानस
शॉर्टच आहे. बोर्डाखाली स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड प्लेटपासून वर धरणारे खुंट, किती उंचीचे लावलेत? पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी तरी हवेत. माझ्या पहिल्या कॅबिनेटला मी ४ मिमीचे लावले होते. बोर्डामागच्या डाख दिलेल्या पिना प्लेटला टेकत होत्या आणि मी आठवडाभर एसएमपीएसला दोष देत बसलो. दुसरं, ज्या जागी बोर्डाला भोक नाही तिथे स्टँडऑफ राहिला असेल तर तो आधी काढा.

उंबरठा
लाकडी चौकट हेच मूळ. पत्र्याचं कॅबिनेट आतल्या विद्युत लहरी आत ठेवतं आणि बाहेरच्या बाहेर. लाकडाला ते जमत नाही. आतून सगळीकडे अल्युमिनियम फॉइल चिकटवा. मी दोन कॅबिनेटना लावलंय, दोन्ही व्यवस्थित चालतात.

तांब्याची तार
@उंबरठा, लहरींचा त्रास झालाच तर रेडिओत खरखर येईल, वायफाय अडखळेल. त्याने मशीन बंद पडत नाही. उलट फॉइलचा गोंद गरम हवेने सुटतो आणि एखादा तुकडा बोर्डावर पडला की खरा शॉर्ट होतो. कृपा करून हा सल्ला देऊ नका.

उंबरठा
चांगल्या गोंदाचा सुटत नाही. माझ्याकडे पाच वर्षांचं उदाहरण समोर चालू आहे.

मोरपीस
प्रोसेसरच्या कूलरखालचं प्लास्टिक काढलंत का? कूलरचा पंखा योग्य पिनांवर आहे का? कूलर नीट टेकला नसेल तर प्रोसेसर काही सेकंदांत तापून मशीन बंद पाडतो. आणि प्लायमध्ये उष्णता कोंडते, मला तर आगीची भीती वाटते.

तांब्याची तार
आगीचं एवढं मनावर घेऊ नका. कॅबिनेटमधली हवा फार तर ४०-५० अंशांवर जाते, लाकूड पेटायला अडीचशेच्या वर लागतं. भीती बाळगायचीच तर २३० व्होल्टच्या सैल जोडाची बाळगा. एसएमपीएसचं मूळ खोकं उघडून लाकडी डब्यात बसवणारे लोक मी पाहिलेत, तो प्रकार मात्र जिवावर बेतणारा आहे. धागाकर्त्याने तसं केलं नसावं अशी आशा.

रंधा
एसएमपीएस उघडलेला नाही, ५५० वॉटचा आहे. बोर्ड मायक्रो-एटीएक्स मापाचा, २४४ × २४४ मिमी. ग्राफिक्स कार्ड नाही. कूलर काढलेलाच नाही, बोर्डावर होता तसाच आला. स्टँडऑफ ६.५ चे आहेत. @कानस, एक जादा निघाला, काढला. फरक शून्य. मोबाइलवर वेळ मोजला: चार सेकंद. आठ वेळा मोजला, आठही वेळा चार.

आणि हे सांगायचं राहिलं, बोर्ड बाहेर काढून टेबलावर पुठ्ठ्यावर ठेवला की मस्त चालतं. तासभर चालवून पाहिलं. आत घातलं की चार सेकंद.

कानस
बाहेर चालतं, आत चालत नाही. शॉर्ट असल्याचा याहून मोठा पुरावा काय हवा? प्रत्येक स्क्रूखाली कागदी वॉशर घाला.

सोल्डरगन
कागदी वॉशरची काही गरज नाही. भोकांभोवतीची कडी ग्राउंडचीच असते, तिथे स्टँडऑफ टेकायलाच हवा. आणि शॉर्ट मोजून चार सेकंद थांबून आठही वेळा त्याच ठोक्याला बंद करत नाही. एवढं नेमकं काम घड्याळ लावल्यासारखं कोणीतरी ठरवून करतंय.

निवांत
प्लायला पॉलिश करणार असाल तर आधी कडांना सीलर द्या, १८० च्या पॉलिश कागदाने घासा, मग २४० ने. कडा नुसत्या सोडल्या तर पॉलिश तिथेच सगळं पितं आणि काळपट दिसतं. पंख्याची भोकं कापताना मागून फळी धरा, थर उचकटत नाहीत.

बाकी लाकडाला नावं ठेवणाऱ्यांसाठी: १९७६ सालचा ऍपल-१ नुसता बोर्ड म्हणून विकला जायचा. डबा, कीबोर्ड, वीजपुरवठा ज्याचा त्याने बघायचा. लोकांनी लाकडी डबे केले आणि त्यातले काही आज संग्रहालयांत आहेत.

मधली सुट्टी
मलाही असं कॅबिनेट करायचंय. रंधा, प्लेटवरची भोकं कशी आखलीत? मागच्या जोडण्यांची खिडकी किती कापायची?

सोल्डरगन
@मधली सुट्टी, खिडकी १५८.७५ × ४४.४५ मिमी. कार्डांच्या खाचांमधलं अंतर २०.३२ मिमी. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे बोर्डाच्या मापांचं मानक आणलं तेव्हापासून ही मापं बदललेली नाहीत, म्हणून एकदा केलेलं कॅबिनेट पुढच्या बोर्डालाही चालतं. १२० च्या पंख्याच्या स्क्रूंमधलं अंतर १०५, १४० च्याचं १२४.५. नेटवरचा नमुना छापलात तर 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवा आणि छापल्यावर खिडकीची रुंदी पट्टीने मोजा. दोन-तीन टक्क्यांनी लहान छापलं तरी शेवटचं भोक पाच-सहा मिलिमीटर हुकतं. मी तर बोर्डच पत्र्यावर ठेवून भोकांतून टोकदार पेन्सिलीने खुणा करतो. पत्र्यात ३ मिमीचे आटे पाडायला २.५ चं ड्रिल. आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे फिरवायचा, नाहीतर तो आतच तुटतो आणि प्लेट गेली म्हणून समजा.

रात्रपाळी
सगळे शॉर्टमागे लागले आहेत म्हणून विचारतो. रंधा, टेबलावर मशीन सुरू कसं करता?

रंधा
स्क्रू ड्रायव्हरचं टोक पॉवरच्या दोन पिनांना टेकवून. त्याचा इथे काय संबंध?

रात्रपाळी
आणि कॅबिनेटमध्ये?

रंधा
बटणाने. आणखी कशाने करणार?

रात्रपाळी
कोणतं बटण? जुन्या कॅबिनेटचंच काढून लावलंय का?

रंधा
नाही, जुनं प्लास्टिकचं होतं, प्लायच्या जाडीत बसेना. नवीन घेतलं, धातूचं, १६ मिमीचं, भोवती निळी प्रकाशाची कडी. तारा बरोबर लावल्यात, दोनदा तपासल्या.

रात्रपाळी
तारांबद्दल शंका नाही. बटण दाबून बोट काढलं की ते आपोआप वर येतं, की आत रुतून बसतं आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येतं?

रंधा
आत बसतं. क्लिक होतं. दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं.

रात्रपाळी
मग तुमचा बोर्ड, एसएमपीएस, प्लेट सगळं ठीक आहे. संगणकाला घंटीसारखं बटण लागतं. बोट आहे तोवर जोड, बोट काढलं की जोड तुटला. बोर्ड त्या क्षणभराच्या जोडाने सुरू होतो. आणि तोच जोड चार सेकंदांहून जास्त टिकला तर बोर्ड समजतो की माणूस बटण दाबून धरून जबरदस्तीने बंद करतोय. मशीन अडकलं की आपण बटण धरून ठेवतो ना, तेच. तुमचं बटण आत रुतून बसतं म्हणजे बोर्डाच्या लेखी तुमचं बोट अजून त्यावरच आहे. पहिल्या पोस्टमध्येच लिहिलंत, दुसऱ्यांदा दाबलं तर काही होत नाही. तो लूज जोड नव्हे, बटण नुसतं वर येतंय.

सोल्डरगन
नेमकं. चार सेकंद वाचल्यावर हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. हा नियम एसीपीआय या संगणकाच्या वीज-व्यवस्थापनाच्या मानकातच लिहिलेला आहे.

कानस
मान्य. पण जादा स्टँडऑफ काढला ते बरंच झालं, तो पुढे कधीतरी नडलाच असता.

रंधा
आताच करून पाहिलं. बटण दाबलं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबून वर आणलं. वीस मिनिटं झाली, चालू आहे. @रात्रपाळी, मनापासून आभार. मी आज प्लेट पुन्हा कापायला काढणार होतो. याच मापाचं आत न रुतणारं बटण मागवलंय, तोवर जुनंच तारेला लटकवून ठेवतो.

एक राहिलं. त्या बटणाची निळी कडी अगदी मंद लागते. ती तशीच का?

तांब्याची तार
कडी बहुधा १२ व्होल्टची असेल. बोर्डाच्या पॉवर दिव्याच्या पिनांवर फार तर ५ व्होल्ट असतात. नवीन बटण मागवलंय त्यावर किती व्होल्ट लिहिलंय ते बघा, ५ चं घ्या. बटणाच्या दोन तारा कशाही लावल्या तरी चालतात. दिव्याला मात्र अधिक-उणे पाळावं लागतं.

आणि पत्र्याच्या प्लेटला रंग दिलाय का? दिला असेल तर एसएमपीएसच्या स्क्रूजवळ थोडा खरवडून तिथून प्लेटला एक तार द्या, खाली दातेरी वॉशर घाला. उद्या आत एखादी तार सोलली गेली तर पत्रा अर्थिंगला जोडलेला असणं फार महत्त्वाचं आहे. नुसतं लाकूड असतं तर हा प्रश्न आला नसता, पण तुमची चौकट लाकडाची आणि प्लेट पत्र्याची, मध्ये खात्रीचा जोड कुठेच नाही.

उंबरठा
अर्थिंगचं पटलं. माझ्या फॉइललाही तार दिलेली नाही, ती देऊन टाकतो.

रंधा
प्लेटला काळा रंग आहे. खरवडला, तार दिली. प्लग भिंतीतून काढून त्याची मोठी पिन आणि प्लेट मल्टिमीटरने तपासली, बीप येतोय. आधी येत नव्हता.