भाज्यांच्या आधारे लहान मुलांना शिकवताना कोणते उपक्रम घ्यावेत?

प्रश्न (बालवाडी शिक्षिका, सोलापूर):
माझ्या वर्गात ३ ते ५ वर्षांची १८ मुले आहेत. गेल्या आठवड्यात भेंडीचे ठसे घेतले, परंतु रंग पसरून कागदावर नुसते डाग उमटले आणि मुलांचा हिरमोड झाला. शिवाय खाण्याची भाजी रंगात बुडवणे एका पालकांना पटले नाही, आणि त्यांचे म्हणणे मलाही योग्य वाटते. भाजी वाया न घालवता काय करता येईल?

उत्तर १ (निवृत्त अंगणवाडी सेविका):
ताई, ठसे बिघडले ते भेंडीच्या बुळबुळीतपणामुळे. ती तासभर आधी आडवी चिरून फडक्यावर पालथी ठेवावी आणि पातळ रंगात बुडवण्याऐवजी कापडाच्या घडीवर दाट रंग पसरून त्यावर टेकवावी. भाजीवाल्या मावशींकडे निबर भेंडी मागावी. ती शिजवून कोणी खात नाही, आणि तिच्या कडा टणक झालेल्या असल्यामुळे ठसाही ठसठशीत उमटतो. पहिल्या ठशानंतर घाई न करता आतले कप्पे मोजू द्यावेत. ते बहुधा पाच असतात. एखाद्या भेंडीत जास्त निघाले, तर मुले उरलेल्या सगळ्या भेंड्या तपासू लागतात. आम्ही कागदाच्या पट्टीवर एक मोठा, एक लहान असे ठसे ओळीने घेत असू. मग मुले घरी जाऊन चादरीच्या काठावरची नक्षीही बोटाने मोजत.

उत्तर २ (पालक):
पिशवीत वांगे, दोडका आणि कांदा ठेवून न पाहता ओळखायला सांगावे. दोडक्याच्या शिरा बोटांना लगेच कळतात. आपल्याकडे एकाच वर्गात मराठी, तेलुगू आणि कन्नड घरांतील मुले असतात, म्हणून वांग्याला कोणी वंकाया किंवा बदनेकायी म्हटले, तर ते उत्तरही बरोबरच धरावे. ही भाजी नंतर स्वयंपाकाला वापरता येते.

उत्तर ३ (बालवाडी शिक्षिका):
मटार सोलण्याने चिमटीची पकड चांगली होते. दाणे खिचडीत घालावेत. मात्र लहान मुले दाणा नाकात घालतात, कच्चा दाणा घशातही अडकू शकतो, म्हणून एका वेळी चार-पाच मुलेच बसवावीत आणि शेजारून उठू नये. मिरची मुळीच आणू नये.

प्रश्नकर्त्या:
सर्वांचे मनापासून आभार. उद्याच मंडईत निबर भेंडी पाहते. ठशांची पट्टी किती लांब घ्यावी?

उत्तर १:
प्रत्येकाला हातभर पुरे. त्याहून लांब घेतली, तर लहान मुले कंटाळून शेवटी ठसे एकावर एक मारतात.