महाडमध्ये घर घ्यायचंय: पूररेषा, सातबारा आणि आडनाव

नातेरोडची (प्रश्न)

सगळ्यांना जयभीम, नमस्कार.

मी महाडमध्ये माध्यमिक शाळेत शिकवते. नवरा बिरवाडीच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये आहे. अकरा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढली, आता स्वतःचं घर घ्यायचं ठरवलंय.

कारण सांगितलं तर कदाचित लहान वाटेल. दरवर्षी १९ मार्चच्या रात्री वरळीहून आमचे नातेवाईक येतात. दुसऱ्या दिवशी पहाटे चवदार तळ्यावर जातात, मग क्रांतीस्तंभ, मग संध्याकाळची एसटी. यंदा घरात एकोणीस माणसं होती. गॅलरीत सतरंज्या टाकल्या तरी जागा पुरली नाही आणि बाथरूम एकच. ऐंशीच्या घरातली माझी मोठी आत्या पहाटे चार वाजता रांगेत उभी होती. २०२७च्या २० मार्चला तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील. त्या दिवशी आत्याला माझ्या स्वतःच्या घरात, स्वतंत्र खोलीत झोपवायचंय.

माझे पणजोबा १९२७च्या परिषदेला दासगावहून चालत आले होते. तळ्याचं पाणी पिऊन लोक परतले आणि 'हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार' अशी आवई उठली. मंडपात जेवत असलेल्यांवर काठ्या पडल्या. पणजोबांच्या खांद्याचं हाड मोडलं. ती रात्र त्यांनी एका मुसलमान घराच्या माडीवर काढली. आजी त्या घरासाठी दर ईदला अंडी पाठवायची.

आता मुद्द्याचं. दोन पर्याय आहेत.

पहिला, बाजारपेठेच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावरचा जुना टू बीएचके, २६ लाख. फ्लॅट आवडला. एजंट आधी गोड बोलत होता. मग त्याने आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं, घरात मच्छी-मटण करता का ते विचारलं. दोन दिवसांनी 'मालकांचं दुसरीकडे ठरलं' असा मेसेज आला. त्यानंतर आठ दिवसांनी शाळेतल्या एका सहकारी बाईंनी स्वतःच्या नावाने चौकशी केली, तर फ्लॅट अजून विकायचाच आहे म्हणाला, कधीही बघायला या.

दुसरा, शहराबाहेर ग्रामपंचायत हद्दीत नवीन बांधकाम, ३१ लाख. बिल्डर म्हणतो आत्ता पाच लाख द्या, पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून देतो, रजिस्ट्रेशन नंतर बघू. ताबा दिवाळीत, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) 'मागाहून येईलच'. इथे आडनाव कुणी विचारलं नाही, म्हणून मन तिकडे ओढतंय. आमच्याकडे शिल्लक सात लाख आहे. काय करू?

हप्त्यांचा हिशोब

बँकेत गृहकर्ज बघतो, म्हणून आकड्यांपुरतं लिहितो.

२५ लाख कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं धरलं तर हप्ता साधारण २१,७०० रुपये. दोघांच्या हातात येणाऱ्या पगाराच्या चाळीस टक्क्यांच्या आत बसत असेल तरच पुढे जा. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत, ती खिशातून जाते. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,०००. सात लाखांतले दीड-दोन लाख यासाठी आणि किरकोळ कामांसाठी बाजूला काढूनच पुढचा विचार करा.

घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत, तर महिला खरेदीदार म्हणून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. नवऱ्याचं नाव मालक म्हणून आलं की ती जाते. त्यांना सहकर्जदार ठेवा, पगार धरला जाईल. आणखी एक, 'बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद चोख' असं धरून चालू नका. बँकेचा वकील बँकेची रक्कम सुरक्षित आहे का तेवढंच बघतो.

जुनादस्तलेखक

ताई, जयभीम. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर टेबल टाकून मी ३१ वर्षं दस्त लिहिले. आता लिहिणं सोडलंय, वाचणं सुटलेलं नाही.

ते पाच लाख देऊ नका. रेरा कायद्यात, म्हणजे बिल्डरांवर लगाम ठेवणाऱ्या कायद्यात, स्पष्ट आहे, नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ३१ लाखांचे दहा टक्के ३ लाख १० हजार होतात. नोटरीचा कागद म्हणजे नोंदणी नव्हे. त्याने तुमचा हक्क कुठल्याही सरकारी वहीत चढत नाही. तोच फ्लॅट उद्या दुसऱ्याला रजिस्टर करून दिला तर तुम्ही कोर्टाच्या पायऱ्या झिजवाल. अशी माणसं माझ्या टेबलासमोर रडलेली आहेत. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल आणि फ्लॅटही आठपेक्षा जास्त असतील, तर महारेराचा (रेरा राबवणाऱ्या राज्यातल्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक असायलाच हवा. तो मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. मंजूर नकाशा, चटई क्षेत्र, ताब्याची कबूल केलेली तारीख, सगळं तिथे दिसतं. तारीख चुकली तर व्याजासकट पैसे परत मागण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे, पण त्यासाठी करारनामा हातात असलेला बरा.

मग सातबारा काढा. डिजिटल सहीचा, स्वतःच्या मोबाइलवरून. बिल्डरने दिलेली झेरॉक्स चालणार नाही. वरच्या बाजूला भोगवटादार वर्ग १ (विकायला मोकळी जमीन) आहे की २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी), ते बघा. डाव्या-उजव्या नावांपेक्षा 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. तिथे कुळ, बँकेचा बोजा, 'नवीन शर्त', 'वतन' असं काही असेल तर प्रत्येकाचा फेरफार (हक्कबदलाची नोंद) क्रमांक घेऊन जुने फेरफार काढा. तीस वर्षांचा शोध अहवाल स्वतःच्या वकिलाकडून करून घ्या.

वतनावर थोडा थांबतो, कारण ते तुमच्या-माझ्या घरचं आहे. महार वतन म्हणजे गावाची रात्रंदिवस राबणूक आणि त्या बदल्यात जमिनीचा तुकडा. बाबासाहेबांनी १९२८मध्ये मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणलं. वतनं प्रत्यक्षात गेली १९५८च्या कायद्याने आणि जमिनी त्या त्या कुटुंबांना शर्तीवर परत मिळाल्या. शहरांच्या कडेला आलेल्या अशा जमिनी विसारपावती आणि कुलमुखत्यारपत्रावर कवडीमोलाने लिहून घेतलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या. म्हातारा अंगठा करायचा, नातवाला वीस वर्षांनी कळायचं. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि सरकारला भरायचा नजराणा नसताना त्यावर इमारत उभी राहिली, तर व्यवहार रद्द ठरू शकतो आणि फ्लॅटवाले लटकतात. त्या सातबाऱ्यावर असं काही निघालं तर तिथे घर घेऊ नका. स्वतःची फसवणूक टळेल आणि आपल्याच कुणाच्या तरी आजोबाच्या अंगठ्यावर आपली चूल मांडली जाणार नाही.

'ओसी मागाहून' म्हणजे काय, ते महाडच्या माणसाला सांगायला नको. २४ ऑगस्ट २०२०ला काजळपुऱ्यातली पाच मजली इमारत पडली, १६ माणसं गेली. भोगवटा प्रमाणपत्र असलं म्हणजे इमारत अमर झाली असं नाही, पण मंजूर नकाशाप्रमाणे बांधलंय हे कुणीतरी सही करून सांगितलेलं असतं. ते हातात येईपर्यंत राहायला जाऊ नका, शेवटचा हप्ताही सोडू नका.

मला हा धंदा तळ्याने शिकवला, असं मी म्हणतो. १९२३मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव झाला, १९२४मध्ये महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केलं. कागद होता, घोटभर पाणी मिळत नव्हतं. २० मार्च १९२७ला लोकांनी जाऊन पाणी प्यायलं, म्हणजे ताबा घेतला. लगेच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला आणि डिसेंबरमध्ये विरोधकांनी दावा लावला, तळं खासगी आहे आणि वहिवाट आमची आहे म्हणून. बाबासाहेबांनी मनाई हुकूम पाळला, सत्याग्रह थांबवला आणि दावा लढवला. उच्च न्यायालयाचा निकाल आला १७ मार्च १९३७ला, ती वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे सिद्ध होत नाही म्हणून. जवळजवळ दहा वर्षं. कागद असून ताबा नसला तर काय होतं आणि ताबा असून कागद नसला तर काय होतं, दोन्ही त्या तळ्यावर घडलंय. तुमचा बिल्डर तुम्हाला दिवाळीत ताबा देतोय आणि कागद मागाहून म्हणतोय.

आता त्या एजंटाचं. हा कुणाचा खासगी मामला आहे, असं कुणी सांगेल. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ याच्या कलम ४मध्ये कुठल्याही वस्तीत राहतं घर बांधणं, घेणं किंवा त्यात राहणं यावर अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणं हा गुन्हा आहे. कलम १२ सांगतं की अशी आडकाठी अनुसूचित जातीच्या व्यक्तीला झाली, तर ती अस्पृश्यतेच्याच कारणाने झाली असं न्यायालय गृहीत धरेल, उलट सिद्ध होईपर्यंत. एजंटाचे मेसेज पुसू नका. सहकारी बाईंचा कॉल कधी झाला ती तारीख आणि वेळ लिहून ठेवा, त्या साक्षीला तयार आहेत का हे आजच विचारा. पोलिसांत नागरी हक्क संरक्षण विभाग आहे, समाजकल्याण कार्यालय आहे. तक्रार करायची की नाही हा तुमचा निर्णय. शाळा, नवऱ्याची शिफ्ट, मुलं, सगळं सांभाळून लढायचं असतं, मला ठाऊक आहे. पण 'इकडे आडनाव विचारलं नाही' एवढ्यावर ३१ लाखांचं घर निवडू नका. आडनाव न विचारणारा माणूस कागदही दाखवत नसेल, तर त्याचे उपकार मानायचं कारण नाही.

बाजारपेठवाला

जुन्या फ्लॅटबद्दल माझा अनुभव. आमचं दुकान खाली, घर वर. २२ जुलै २०२१ला पाणी आलं तेव्हा तळमजला बुडाला. वरच्या मजल्यावर पाणी आलं नाही, पण मीटर, पाण्याची मोटर, टाकी सगळं खालीच. चिखल उपसायलाच कित्येक दिवस गेले, वीज आणि प्यायचं पाणी नव्हतं. म्हणजे दुसरा मजला कोरडा असला तरी राहता येत नाही. सावित्रीला पूर आणि खाडीला भरती एकाच वेळी आली की पाणी उतरत नाही, नुसतं तुंबून राहतं.

महाडमध्ये कुठलंही घर बघाल तेव्हा जलसंपदा विभागाची पूररेषा बघा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. नगरपालिकेच्या नगररचना विभागात नकाशा दाखवतात. निळ्याच्या आत काही घेऊ नका. मीटर वर चढवलेत का, २०२१ नंतर संरचनात्मक तपासणी झाली का, हे सोसायटीला लेखी विचारा. आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. तो बोट ठेवून दाखवतो.

नातेरोडची

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं लिहिलेलं नवऱ्याला रात्री वाचून दाखवलं.

शनिवारी सातबारा काढला. वर्ग २ आहे. इतर हक्कात दोन फेरफार क्रमांक आहेत, एकासमोर 'वतन' शब्द आहे. बिल्डरला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रत मागितली, तर म्हणाला, 'मॅडम, एवढं कुणी विचारत नाही.' पैसे दिलेले नाहीत.

त्या फेरफारात खातेदार म्हणून एक नाव आहे, आडनाव आमच्या भावकीतलं. आत्याला फोन केला. ती म्हणाली, तिच्या चुलत्याची जमीन होती खरी, पण कुठे ते तिला कधी कुणी दाखवलं नाही.

एजंटाचे मेसेज ठेवलेत. सहकारी बाई म्हणाल्या, जे घडलं ते मी सांगेन, त्यात घाबरायचं काय. तक्रारीचं ठरवलंय, वार्षिक परीक्षा झाल्या की जाऊ.

घर पुन्हा शोधतेय. दस्तुरी नाक्याच्या बाजूला एक बघितलंय, आठ वर्षं जुनं, ओसी आहे म्हणतात. सोसायटीचा सेक्रेटरी मात्र 'आमची एनओसी लागेल, कमिटी ठरवेल' म्हणतोय. पुन्हा तेच का?

जुनादस्तलेखक

ओसीची प्रत मागा आणि जावक क्रमांक नगरपालिकेत पडताळा. सूची क्रमांक २ (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा) आणि आधीच्या सर्व खरेदीखतांची साखळी बघा.

एनओसीचं म्हणाल तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) फ्लॅट विकायला सोसायटीची परवानगी लागत नाही. बँकेला थकबाकी नसल्याचा दाखला हवा असतो, तो वेगळा. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम २३प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही आणि तीन महिन्यांत अर्जावर निर्णय दिला नाही तर कलम २२प्रमाणे तुम्ही सभासद झालात असं धरलं जातं. सेक्रेटरीशी तोंडी बोलू नका. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट.

आणि ताई, ते दोन्ही फेरफार क्रमांक जपून ठेवा. आत्याच्या चुलत्याचे वारस कोण कोण हयात आहेत, त्यांची नावं एका कागदावर लिहून घ्या, आत्या सांगू शकते आहे तोवर. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज कसा करायचा, ते मी लिहून देतो.